संगणकीय अनुक्रमणिकेची जडणघडण : रचना आणि पृष्ठांक यांच्या संबंधाचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश :

ग्रंथाच्या आरंभी येणारी अनुक्रमणिका ही वरवर पाहता साधी यादी असते. प्रत्यक्षात तिच्यात दोन वेगळ्या प्रकारची माहिती एकत्र आलेली असते. ग्रंथाचे कोणते भाग कोणत्या क्रमाने येतात ही पहिली, आणि ते कोणत्या पानावर येतात ही दुसरी. पहिली माहिती ग्रंथकर्त्याच्या रचनेतून मिळते, तर दुसरी मजकूर कागदावर मांडल्यानंतरच निश्चित होते. संगणकीय आज्ञावलीद्वारे अनुक्रमणिका तयार करण्याचे जे प्रयत्न १९६० नंतरच्या दशकांत झाले, त्या सर्वांना या दोन माहितींमधील अंतर ओलांडावे लागले. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रयत्नांचा क्रमवार आढावा घेतला असून देवनागरी मजकुराच्या संदर्भात उद्भवलेल्या विशेष अडचणींचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : अनुक्रमणिका, पृष्ठांक, शीर्षकशैली, शब्दसंस्करण, आज्ञावली, देवनागरी.

१. प्रस्तावना :

मराठीत 'अनुक्रमणिका' आणि 'सूची' हे दोन शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्यांचे कार्य मात्र वेगळे आहे. सूची वर्णानुक्रमे लावलेली असते व ती सामान्यतः ग्रंथाच्या शेवटी येते. अनुक्रमणिका ग्रंथाच्या स्वतःच्या क्रमाने चालते आणि वाचकाला आरंभीच ग्रंथाचा आराखडा दाखवते. अनुक्रमणिका चुकली तर वाचक चुकीच्या पानावर पोहोचतो आणि ग्रंथाविषयीचा त्याचा विश्वास उणावतो. प्रबंध, शासकीय अहवाल, कायद्याची संकलने आणि तांत्रिक पुस्तिका यांच्या बाबतीत तर ही चूक केवळ सौंदर्याची राहत नाही. दिलेला संदर्भ सापडतो की नाही हाच प्रश्न निर्माण होतो.

टंकलेखन यंत्राच्या काळात अनुक्रमणिका सर्वांत शेवटी, तयार पाने चाळून हाताने लिहिली जाई. संगणक आल्यावर हे काम यंत्राकडे सोपवता येईल अशी अपेक्षा निर्माण झाली. ही अपेक्षा बऱ्याच अंशी पूर्ण झाली, पण पूर्णांशाने नाही. आजही एखाद्या आज्ञावलीने शेकडो दस्तऐवज आपोआप तयार करावयाचे झाल्यास अनुक्रमणिकेपाशी काम अडते. असे का होते, याचे उत्तर अनुक्रमणिकेच्या इतिहासात शोधता येते.

२. अभ्यासाची उद्दिष्टे :

१) संगणकपूर्व काळातील अनुक्रमणिकेच्या स्वरूपाचा आढावा घेणे.
२) संगणकीय मजकूररचनेच्या प्रणालींनी अनुक्रमणिकेचा प्रश्न कसा सोडवला याचा अभ्यास करणे.
३) शब्दसंस्करणाच्या दस्तऐवजात आज्ञावलीद्वारे अनुक्रमणिका घालण्याच्या पद्धतींचे व त्यांच्या मर्यादांचे विश्लेषण करणे.
४) देवनागरी लिपीतील दस्तऐवजांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

३. संगणकपूर्व परंपरा :

'अनुक्रमणिका' हा शब्द भारतीय परंपरेत फार जुना आहे. वैदिक वाङ्मयात 'अनुक्रमणी' नावाचे स्वतंत्र ग्रंथ रचले गेले. कात्यायनाच्या नावावर असलेली ऋग्वेदाची 'सर्वानुक्रमणी' प्रत्येक सूक्ताचे आरंभीचे शब्द, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद यांची नोंद करते. महाभारताच्या आदिपर्वातील पहिल्या उपपर्वाचे नावच 'अनुक्रमणिकापर्व' असे आहे. त्यापुढील 'पर्वसंग्रहपर्वा'त शंभर उपपर्वांची नावे आणि अठरा पर्वांपैकी प्रत्येकातील अध्यायांची व श्लोकांची संख्या दिली आहे.

या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. त्यांत पानाचा उल्लेख नाही, कारण मौखिक परंपरेत पान नव्हते. स्थाननिर्देश संख्येने होतो आणि ती संख्या ग्रंथाच्या रचनेतूनच येते. त्यामुळे अनुक्रमणी कोणत्याही प्रतीला, कोणत्याही पाठकाला सारखीच लागू पडते. तिचा आणखी एक उपयोग म्हणजे पाठाचे रक्षण. ऋचांची संख्या नोंदलेली असली की त्यात भर पडली किंवा घट झाली तर ती लक्षात येते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली, त्या कार्यातही पर्वसंग्रहातील श्लोकसंख्या हा चर्चेचा विषय झाला होता.

रोमन परंपरेतही असेच दिसते. थोरल्या प्लिनीने इसवी सन ७७ च्या सुमारास सम्राटपुत्र टायटस यास अर्पण केलेल्या 'नॅचरलिस हिस्टोरिया' या ३७ खंडांच्या ग्रंथाचा पहिला खंड म्हणजे विषयांची व आधारग्रंथांची यादीच आहे. संपूर्ण ग्रंथ वाचण्याचे श्रम पडू नयेत म्हणून ही यादी दिल्याचे प्लिनी अर्पणपत्रिकेत सांगतो आणि आपल्याआधी व्हॅलेरियस सोरानस याने असे केल्याचेही नमूद करतो. त्या काळचा ग्रंथ गुंडाळीच्या रूपात असल्यामुळे येथेही निर्देश खंडापर्यंतच जातो, पानापर्यंत नाही.

मराठी पोथ्यांची स्थिती थोडी निराळी होती. पोथीची पत्रे सुटी असत आणि ती विस्कटू नयेत म्हणून त्यांवर पत्रांक घातला जाई. परंतु हा पत्रांक त्या एका प्रतीपुरताच खरा असे. दुसऱ्या लेखकाने नक्कल केली की अक्षराचे वळण, कागदाचा आकार आणि ओळींची संख्या बदले व त्याबरोबर पत्रांकही बदले. म्हणूनच 'ज्ञानेश्वरी'तील संदर्भ आजही अध्याय व ओवी यांच्या क्रमांकानेच दिला जातो.

पृष्ठांकाला सार्वत्रिक अर्थ मुद्रणामुळे आला. एका आवृत्तीच्या सर्व प्रतींत तीच ओळ त्याच पानावर येऊ लागली. जर्मनीतील कलोन येथे आर्नोल्ड थेर ह्योर्नन या मुद्रकाने १४७० मध्ये छापील पत्रांक वापरले. व्हेनिस येथील आल्डस मॅन्युशियस याने १४९९ मध्ये निकोलो पेरोत्तीच्या 'कॉर्नुकोपिया' या ग्रंथात पानांना व ओळींना क्रमांक दिले. त्यानंतर हळूहळू अनुक्रमणिकेत पृष्ठांक येऊ लागला आणि तिचे आजचे रूप सिद्ध झाले.

मुद्रकांना लवकरच एका पेचाला तोंड द्यावे लागले. अनुक्रमणिका ग्रंथाच्या आरंभी येते, पण ती तयार होते सर्वांत शेवटी. ती स्वतः किती पाने व्यापेल यावर पुढील सर्व पृष्ठांक अवलंबून असतात. छापखान्यांनी यावर साधा उपाय योजला. अर्पणपत्रिका, प्रस्तावना, अनुक्रमणिका या आरंभीच्या पानांना वेगळी अंकमालिका देण्यात आली. युरोपात रोमन अंक रूढ झाले, तर अनेक मराठी ग्रंथांत ही पाने 'पाच', 'सहा' अशा अक्षरी अंकांनी मोजली जातात. मुख्य मजकूर एक या अंकापासून सुरू होत असल्यामुळे आरंभीची पाने कितीही वाढली तरी पुढील पृष्ठांक ढळत नाहीत. संगणकशास्त्रात पुढे ज्या चक्रीय अवलंबित्वाचा विचार झाला, त्यावरील हा पहिला व्यावहारिक तोडगा म्हणता येईल.

४. संगणकीय मजकूररचनेचा आरंभ :

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत जेरोम सॉल्ट्झर यांनी १९६४ मध्ये 'रनऑफ' ही मजकूर मांडणारी आज्ञावली लिहिली. मजकुराच्या मध्ये, टिंबाने सुरू होणाऱ्या ओळींत मांडणीच्या सूचना लिहावयाच्या आणि यंत्राने त्यानुसार पाने सिद्ध करावयाची, ही तिची पद्धत होती. बेल प्रयोगशाळेत जो ओसाना यांनी १९७३ च्या सुमारास तयार केलेली 'ट्रॉफ' ही प्रणाली याच परंपरेतील होय. तिच्यासाठी माइक लेस्क यांनी 'एमएस' नावाचा सूचनासंच रचला. त्याच्या पुढील आवृत्तीत अनुक्रमणिकेच्या नोंदी गोळा करण्याची सोय आली.

या सोयीचे स्वरूप बोधप्रद आहे. ट्रॉफ मजकूर आरंभापासून शेवटापर्यंत एकदाच वाचते आणि पाने जसजशी तयार होतील तसतशी बाहेर टाकते. एखादे शीर्षक कोणत्या पानावर पडले हे तिला त्या शीर्षकापाशी पोहोचल्यावर समजते. तोपर्यंत पहिले पान छापून झालेले असते. परिणामी अनुक्रमणिका दस्तऐवजाच्या शेवटी छापली जाई आणि वापरणाऱ्याने ती पाने उचलून हाताने पुढे ठेवावयाची असत. म्हणजे यादी यंत्राने केली, पण तिला तिच्या जागी नेण्याचे काम माणसाकडेच राहिले.

दुसऱ्या बाजूने रचनेचा विचार पुढे जात होता. आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी १९६९ मध्ये 'जीएमएल' ही खुणांची भाषा विकसित केली. 'हा मजकूर ठळक व मोठा छापा' असे न सांगता 'हे प्रकरणाचे शीर्षक आहे' असे सांगावे, हे या भाषेचे तत्त्व होते. तिच्यातूनच पुढे 'एसजीएमएल' हे आंतरराष्ट्रीय मानक १९८६ मध्ये मान्य झाले. ब्रायन रीड यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८० मध्ये सादर केलेल्या प्रबंधातील 'स्क्राइब' प्रणालीने हेच तत्त्व लेखकांच्या रोजच्या वापरात आणले. शीर्षक म्हणून खूण केलेला मजकूर यंत्राला ओळखता येऊ लागला आणि त्यापासून अनुक्रमणिका आपोआप तयार होऊ लागली.

डोनाल्ड नूथ यांनी १९७८ मध्ये 'टेक' प्रणाली सादर केली. तिच्यावर आधारलेल्या लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या 'लाटेक' या संचाने पृष्ठांकाच्या पेचावर एक नमुनेदार उपाय रूढ केला. लेखक 'येथे अनुक्रमणिका घाला' अशी एकच आज्ञा देतो. पहिल्या फेरीत प्रणालीला काहीच माहीत नसल्याने ती जागा रिकामी राहते. मात्र त्या फेरीत प्रत्येक शीर्षक आणि त्याचा पृष्ठांक एका साहाय्यक फाइलमध्ये लिहिला जातो. येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. परिच्छेद रचला जात असताना तो कोणत्या पानावर पडेल हे टेक प्रणालीलाही ठाऊक नसते. म्हणून ही नोंद लगेच न लिहिता पान पूर्ण होऊन बाहेर पडेपर्यंत थांबवून ठेवली जाते. दुसऱ्या फेरीत ती फाइल वाचून अनुक्रमणिका छापली जाते.

परंतु अनुक्रमणिका छापल्यामुळे पुढील मजकूर सरकला, तर दुसऱ्या फेरीतील अंक जुने ठरतात व तिसरी फेरी करावी लागते. आरंभीच्या पानांना स्वतंत्र अंकमालिका दिली असेल तर ही अडचण येत नाही. मुद्रकांचा जुना तोडगा येथेही तितकाच उपयोगी पडतो. पृष्ठांकाचा उल्लेख मजकुराच्या आतच असेल आणि त्या उल्लेखाच्या लांबीमुळेच पान बदलत असेल, तर क्वचित प्रसंगी अंक कधीच स्थिर होत नाहीत. एरवी दोन-तीन फेऱ्यांत उत्तर स्थिरावते.

५. शब्दसंस्करण आणि आज्ञावली :

वैयक्तिक संगणकांच्या प्रसारानंतर लेखनाची पद्धत बदलली. फेऱ्यांची कल्पना मागे पडली आणि पडद्यावर दिसेल तसेच कागदावर उमटेल, ही अपेक्षा रूढ झाली. १९८९ मध्ये आलेल्या 'वर्डपरफेक्ट ५.१' या लोकप्रिय आवृत्तीत लेखक शीर्षकाचा मजकूर निवडून त्यावर अनुक्रमणिकेची खूण करी, अनुक्रमणिकेची जागा ठरवी आणि शेवटी ती निर्माण करण्याची आज्ञा देई. मायक्रोसॉफ्टचे 'वर्ड' १९८३ मध्ये आले आणि त्याने शैलींवर, म्हणजे परिच्छेदाला नाव देऊन त्याचे रूप ठरवण्यावर भर दिला. विंडोजसाठीची त्याची पहिली आवृत्ती १९८९ मध्ये आली, तेव्हा तिच्यात 'वर्डबेसिक' ही आज्ञावलीची भाषा आणि 'फील्ड' ही संकल्पना होती.

फील्ड म्हणजे दस्तऐवजात ठेवलेली सूचना आणि तिचे शेवटचे उत्तर यांची जोडी होय. अनुक्रमणिकेच्या फील्डमधील सूचना 'पहिल्या ते तिसऱ्या पातळीवरील शीर्षके गोळा करा' अशा आशयाची असते. उत्तर म्हणजे पडद्यावर दिसणारी यादी. सूचना कायम राहते, तर उत्तर मागवले तेव्हाच ताजे होते. मजकूर बदलला आणि फील्डचे नूतनीकरण केले नाही, तर अनुक्रमणिका जुनेच पान दाखवत राहते. ती यंत्राने केलेली असल्यामुळे वाचक तिच्यावर अधिक विश्वास ठेवतो, हा यातील धोका आहे.

१९९७ च्या आवृत्तीत वर्डबेसिकची जागा 'व्हिज्युअल बेसिक फॉर अ‍ॅप्लिकेशन्स' या भाषेने घेतली. दस्तऐवज, परिच्छेद, शैली, अनुक्रमणिका या सर्वांना आज्ञावलीत वस्तूचे रूप मिळाले. दस्तऐवजातील अनुक्रमणिकांच्या संग्रहात नवी अनुक्रमणिका जोडणे ही आता एका ओळीची आज्ञा झाली. जागा, शीर्षकांची वरची व खालची पातळी, पृष्ठांक दाखवावेत की नाही, एवढे सांगितले की काम होते. या वस्तूला नूतनीकरणाच्या दोन स्वतंत्र आज्ञा दिलेल्या आहेत. एक संपूर्ण अनुक्रमणिका पुन्हा बांधते. दुसरी केवळ पृष्ठांक बदलते. वापरकर्त्याला पडद्यावर विचारला जाणारा प्रश्नही याच दोन पर्यायांचा असतो. रचना आणि पृष्ठांक ही दोन भिन्न माहिती आहे, याची कबुलीच या रचनेत दिसते.

या पद्धतीत आज्ञावली शब्दसंस्करणाच्या आत चालते. पाने पाडणारे यंत्र तिच्या हाताशी असते, म्हणून पृष्ठांक मिळतात. २००० नंतरच्या दशकात परिस्थिती बदलली. 'ओपन डॉक्युमेंट' हे स्वरूप २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले आणि 'ऑफिस ओपन एक्सएमएल' हे डिसेंबर २००६ मध्ये एक्मा संस्थेचे व २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाले. दस्तऐवजाची अंतर्रचना सर्वांना वाचता येऊ लागल्याने शब्दसंस्करण न उघडताच, सर्व्हरवर, कोणत्याही भाषेतील आज्ञावलीने दस्तऐवज लिहिणे शक्य झाले. बँकांची विवरणे, परीक्षांचे अहवाल, करारनामे असे दस्तऐवज या मार्गाने तयार होऊ लागले.

येथे जुना पेच नव्या रूपात उभा राहिला. ऑफिस ओपन एक्सएमएलच्या फाइलमध्ये परिच्छेद असतात, शैली असतात, विभाग असतात. पण कोणता परिच्छेद कोणत्या पानावर आहे याची विश्वसनीय नोंद नसते. पान ही फाइलमधील वस्तू नसून फाइल उघडल्यावर, फॉन्ट, समास आणि कागदाचा आकार यांच्या आधारे काढलेले उत्तर आहे. त्यामुळे फाइल लिहिणारी आज्ञावली अनुक्रमणिकेची सूचना लिहू शकते, शीर्षकांची यादीही लिहू शकते, पण पृष्ठांक लिहू शकत नाही.

या अडचणीवर व्यवहारात तीन मार्ग अवलंबले जातात. पहिल्या मार्गात केवळ फील्डची सूचना लिहिली जाते आणि दस्तऐवजाच्या मांडणीसूचनांत 'उघडताना फील्ड ताजी करा' अशी खूण केली जाते. फाइल उघडताच वर्ड वाचणाऱ्याला परवानगी विचारते आणि ती मिळाल्यावर अनुक्रमणिका भरते. म्हणजे काम पूर्ण होण्यासाठी शेवटच्या वाचकाचा सहभाग लागतो. दुसऱ्या मार्गात 'लिबरऑफिस'सारखे पूर्ण शब्दसंस्करण पडद्याशिवाय चालवले जाते, त्याच्याकडून अनुक्रमणिका ताजी करून घेतली जाते आणि दस्तऐवज साठवला जातो किंवा पीडीएफमध्ये बदलला जातो. तिसऱ्या मार्गात पृष्ठांकच वगळून प्रत्येक नोंद शीर्षकाशी दुव्याने जोडली जाते. दुसरा मार्ग पीडीएफसाठी भरवशाचा आहे. संपादनयोग्य फाइल दुसऱ्या संगणकावर गेली आणि तेथे तो फॉन्ट नसला, तर पाने वेगळी पडतात व अंक पुन्हा चुकतात. नक्कल होताच पोथीचा पत्रांक बदले, त्याचीच ही आधुनिक आवृत्ती आहे.

६. देवनागरी दस्तऐवजांचे विशेष प्रश्न :

मराठी दस्तऐवजांच्या संदर्भात या इतिहासाला आणखी एक पदर आहे. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे संकेतन १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारले गेले आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. तरीही मराठी प्रकाशनव्यवहार दीर्घकाळ फॉन्टआधारित पद्धतीवर चालला. या पद्धतीत संगणकाच्या स्मृतीत देवनागरी अक्षर नसतेच. तेथे रोमन संचातील चिन्हे असतात आणि विशिष्ट फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो.

शब्दसंस्करण अनुक्रमणिका तयार करताना शीर्षकाचा मजकूर उचलते, पण त्याला अनुक्रमणिकेची स्वतंत्र शैली लावते. फॉन्ट शीर्षकाच्या शैलीत ठरवलेला असेल तर तो मजकुराबरोबर येत नाही. साहजिकच देवनागरीत दिसणारे शीर्षक अनुक्रमणिकेत निरर्थक रोमन अक्षरांच्या रूपाने उमटते. अनुक्रमणिकेच्या शैलीलाही तोच फॉन्ट दिला म्हणजे दोष दिसेनासा होतो. ज्यांना हे ठाऊक नव्हते त्यांच्यापुढे शीर्षके पुन्हा टंकून, टिंबांची रांग घालून, पृष्ठांक हाताने लिहिण्याचाच मार्ग उरे. यंत्र हाताशी असूनही काम टंकलेखन यंत्राच्या काळातील पद्धतीने करावे लागे.

युनिकोडच्या प्रसारानंतर हा दोष नाहीसा झाला, पण दुसरा पुढे आला. वर्डमध्ये देवनागरीची गणना जटिल लिप्यांत होते आणि अशा लिप्यांसाठी फॉन्ट, आकार व ठळकपणा यांची नोंद रोमन लिपीपासून वेगळी ठेवलेली असते. आज्ञावलीने केवळ रोमन लिपीच्या नोंदी बदलल्या तर मराठी शीर्षकावर काहीच परिणाम होत नाही. शीर्षकांच्या आणि अनुक्रमणिकेच्या शैलींमध्ये जटिल लिपीच्या नोंदी स्वतंत्रपणे भराव्या लागतात. पृष्ठांक देवनागरी अंकांत हवे असतील तर तसा अंकप्रकारही मानकात उपलब्ध आहे.

या सर्वांहून मूलभूत प्रश्न लेखनाच्या सवयीचा आहे. शीर्षक ठळक व मोठे केले म्हणजे ते शीर्षक झाले, असा समज व्यापक आहे. माणसाला ते शीर्षक वाटते, आज्ञावलीला मात्र तो इतरांसारखाच एक परिच्छेद असतो. अक्षरांच्या आकारावरून शीर्षक ओळखण्याचा प्रयत्न आज्ञावलीत करता येतो, पण तो अंदाजच ठरतो. चित्राखालची ओळ किंवा ठळक केलेले वाक्य अनुक्रमणिकेत शिरते आणि खरे शीर्षक बाहेर राहते. लेखकाने शीर्षकशैली वापरली असेल तरच यंत्राला ग्रंथाची रचना कळते.

७. निष्कर्ष :

१) अनुक्रमणिकेतील रचना आणि पृष्ठांक ही दोन स्वतंत्र प्रकारची माहिती आहे. रचना लेखकाकडून येते व पृष्ठांक मांडणीतून निर्माण होतो.
२) पृष्ठांकाचा पेच संगणकामुळे निर्माण झालेला नाही. मुद्रकांना तो आधीच ठाऊक होता आणि स्वतंत्र अंकमालिकेचा त्यांचा उपाय संगणकीय प्रणालींतही उपयुक्त ठरला.
३) ट्रॉफमधील शेवटी छापलेली यादी, लाटेकच्या पुनरावृत्त फेऱ्या आणि वर्डमधील फील्ड हे एकाच पेचावरील तीन वेगळे उपाय आहेत.
४) पाने पाडणारी यंत्रणा हाताशी नसताना आज्ञावलीने बिनचूक पृष्ठांक लिहिणे शक्य नाही. ही उणीव एखाद्या साधनाची नसून दस्तऐवजाच्या स्वरूपातूनच येते.
५) मराठी दस्तऐवजांत अनुक्रमणिका बिघडण्यामागे फॉन्टआधारित संकेतन, जटिल लिपीच्या नोंदींकडे दुर्लक्ष आणि शीर्षकशैली न वापरण्याची सवय ही तीन प्रमुख कारणे दिसतात.

८. समारोप :

अनुक्रमणिका ही यंत्राकडून मिळणारी सोय असली तरी तिचा पाया लेखकाच्या शिस्तीत आहे. ज्या दस्तऐवजात प्रकरण, उपप्रकरण, परिच्छेद यांची नोंद स्पष्ट आहे, त्याची अनुक्रमणिका कोणत्याही प्रणालीत, कितीही वेळा पुन्हा बांधता येते. ज्यात ती नाही, त्याची अनुक्रमणिका प्रत्येक दुरुस्तीनंतर हातानेच लिहावी लागते. महाविद्यालयांत व विद्यापीठांत प्रबंधलेखनाचे मार्गदर्शन करताना समास व अक्षरांचा आकार यांबरोबरच शीर्षकशैलींचा वापर शिकवला गेला, तर संशोधकांचे पुष्कळ श्रम वाचतील.

इलेक्ट्रॉनिक ग्रंथांच्या प्रसारामुळे पृष्ठांकाचे महत्त्वही बदलत आहे. ईपब स्वरूपातील ग्रंथात अक्षरांचा आकार वाचकाच्या इच्छेने बदलतो आणि पाने त्याप्रमाणे नव्याने पडतात. तेथील अनुक्रमणिका वाचकाला थेट प्रकरणाशी नेऊन पोहोचवते. सुमारे पाच शतके पृष्ठांकावर उभी असलेली अनुक्रमणिका अशा रीतीने पुन्हा रचनेवर आधारलेल्या निर्देशाकडे वळली आहे. अनुक्रमणीत सूक्त व ऋचा आणि ज्ञानेश्वरीत अध्याय व ओवी यांनी जे काम केले, तेच काम आता शीर्षकाला जोडलेला दुवा करतो. पान बदलले तरी संदर्भ टिकावा, ही त्या जुन्या पद्धतीमागील दृष्टी होती. संगणकीय दस्तऐवज सिद्ध करणाऱ्यांनाही तीच मार्गदर्शक ठरते.